"मॅडम, लीक आहे का?"

वरोरा
१९ मे २०२४

दादा,

फोन तू उचलणार नाहीस म्हणून पत्र. मुंबईचा पत्ता आईकडून घेतला. तिने विचारलं, "काऊन पाह्यजे?" म्हटलं, आभार मानायचे आहेत. त्यावर पत्ता सांगताना ती प्रत्येक शब्द लिहून झाला का ते विचारत होती.

मंगळवारी दुपारी तू जे केलंस, त्याबद्दल हे पत्र आहे. तुला तिकडे फक्त आवाज ऐकू आले. इकडे काय चाललं होतं ते तुला माहीत असावं असं वाटतं.

बाहेर वरोऱ्याचं ऊन तर तुला ठाऊकच आहे. आमच्या वीज केंद्राची दोन्ही युनिटं पूर्ण भारावर होती. एक नंबर इतकं शांत चाललं होतं की माझ्यासोबत डेस्कवर बसणारा पियुष म्हणाला, "मॅडम, आज एक नंबरले कोनाची नजर नोको लागाले." तेवढ्यात वासेकर साहेब आत आले. प्लांटचे प्रमुख आपणहून कंट्रोल रूममध्ये येतात ते पाहुणे घेऊन, नाहीतर काही बिघडल्यावर. त्या दिवशी पाहुणे नव्हते आणि बिघडलंही काही नव्हतं.

"दीपाली, लोड डिस्पॅचला कळव. एक नंबरच्या बॉयलरमध्ये ट्यूब लीक आहे, संध्याकाळी बंद करतोय. चारेक दिवस लागतील."

मी स्क्रीनकडे पाहिलं. नळी फुटली असती तर बॉयलरला जास्तीचं पाणी लागलं असतं, भट्टीचा दाब हलला असता. काहीच हललं नव्हतं.

"सर, लीक नाही."

"आहे म्हणून कळव."

मग त्यांनी मला बाजार समजावला. तुझं ते रोजचं काम, तरी ते कसं बोलले ते लिहिते. एक नंबरची वीज कराराने राज्याला जाते, ठरलेल्या दराने. दोन नंबरची रोजच्या बाजारात विकतो. एक नंबर बंद दाखवलं की राज्याला वीज कमी पडते, ती त्यांना बाजारातून घ्यावी लागते, दर चढतो, आणि त्या चढलेल्या दराने विकायला आपलं दोन नंबर उभंच आहे. "ही चोरी नाही," ते म्हणाले, "बाजार मोकळा झालाय, बेटा. मोकळ्या बाजारात खेळता आलं पाहिजे."

युनिट किती वीज देऊ शकतं हे लोड डिस्पॅचला, म्हणजे राज्याच्या वीजवाटप केंद्राला, शिफ्टच्या प्रमुखाच्या शब्दावर कळवलं जातं. त्या दिवशी तो शब्द माझा होता. मी नाही म्हटलं. फार धीटपणे म्हटलं असं समजू नकोस. म्हणताना मी त्यांच्याकडे नाही, स्क्रीनकडे पाहत होते.

तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर स्पीकरवर मुंबईला फोन लावला. मुंबईच्या साहेबांनी झापलं की पोरगी वळणावर येईल, असा हिशेब असावा. आणि तिकडून तुझा आवाज आला.

तू विजेच्या सौद्यांच्या कंपनीत आहेस एवढं आईकडून माहीत होतं. आमच्याच प्लांटच्या बोली तू लावतोस हे मला माहीत नव्हतं. वासेकर म्हणाले, "एक नंबरला लीक आहे. उद्यासाठी दोन नंबरची बोली वर न्या." तू विचारलंस, "शिफ्टवर कोण आहे?"

"मोहुर्ले मॅडम."

तुझ्यामागे कुणीतरी हसत होतं, ते हसू ऐकू येत राहिलं. मग म्हणालास, "मॅडम, लीक आहे का?"

"नाही."

"ठीक. मग एक नंबर चालू आहे असं धरूनच बोली जाईल." आणि फोन ठेवलास.

चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला, दादा. कशी आहेस असं तू विचारलं नाहीस. पण "नक्की का?" असंही विचारलं नाहीस. मी सांगितलं आणि तू मानलंस. माझ्या एका शब्दावर कुणी एवढा भार टाकला नव्हता. वासेकर निघून गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा येऊन बसले. एक नंबर रात्रभर चाललं.

तू माझ्या लग्नाला आला नाहीस त्याचं दुःख आहे तिथेच आहे. पण हे आभारही खरे आहेत. दोन्ही एकाच पाकिटात पाठवते आहे.

दीपाली


वरोरा
१६ जून २०२४

दादा,

उत्तर आलं नाही. यावं अशी अटही नव्हती.

पियुषने काल सांगितलं की तुझ्या कंपनीने तुला काढलं. खरं आहे का? आईला विचारलं तर ती म्हणाली, "मले काही मालूम नाई." पण ती खोटं बोलताना पदर तोंडाला लावते, ते मला फोनवरही कळतं.

माझी कोळशाच्या यार्डात बदली झाली. रेल्वेच्या वाघिणी आल्या की कोळसा मोजून उतरवून घ्यायचा. काम वाईट नाही. संध्याकाळी दिव्यानी माझ्या हाताला हुंगते आणि म्हणते, "आई, कारी कारी." दिव्यानी तुझी भाची. पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल. नाकाने ती तुझ्यावर गेली आहे. अश्वजित भामरागडकडे आश्रमशाळेत शिकवतो आणि सुटीला येतो.

तुझ्या त्या फोननंतरच्या आठवड्यात एक नंबर बंद दाखवलंच. माझ्या जागी दुसऱ्याला बसवलं होतं. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या घरी काय अडचणी आहेत ते मला माहीत आहे, आणि तो जेवणाच्या सुटीत माझ्याकडे पाहत नाही. यार्डातून चिमणी दिसते. लीकसाठी बंद केलेल्या युनिटची चिमणी दुसऱ्या दिवशी धूर सोडत नाही. ही सोडत होती. वीज न देता बॉयलर नुसता पेटता ठेवला होता, म्हणजे दर चढला की युनिट लगेच वर घेता येईल.

तू तिथे असतास तर असं झालं नसतं, म्हणूनच तुला काढलं असणार. माझ्यामुळे, असं मी म्हणणार नाही. तुला ते आवडणार नाही, आणि ते खरंही नाही. विचारलंस तूच.

अश्वजितला सगळं सांगितलं. तो बराच वेळ दिव्यानीचे केस विंचरत बसला. मग म्हणाला, "तुझ्या दादानं माह्याशी जे केलं ते केलं. पन कामात मानूस सरळ हाय. त्याले माह्याकडून बी थँक्यू लिही." तर हे त्याचं थँक्यू.

आई मजेत आहे. काळजी करू नकोस.

दीपाली


सावली
४ ऑगस्ट २०२४

दादा,

मागच्या पत्रात आई मजेत आहे असं लिहिलं होतं. ती त्याआधी पंधरा दिवस चंद्रपूरला दवाखान्यात होती. आता खरंच बरी आहे, समोर बसून लसूण सोलते आहे, म्हणून लिहिते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या सावली गावची वीज भर दुपारी जात होती. सलग तीन दुपारी गेली. तिसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरातच पडली. ऊन लागलं होतं, अंग चटके बसावे तसं तापलं होतं. शेजारच्या मंगलीकाकू ताक मागायला आल्या म्हणून कळलं. काकूंनी तिला ओलं लुगडं गुंडाळलं, लटारूभाऊंनी ट्रॅक्टर काढला, आणि पोरांनी वाटभर बादलीतलं पाणी तिच्या अंगावर टाकत नेलं. दवाखान्यातल्या सिस्टरने माझ्यासोबत आलेल्या दिव्यानीला आपल्या डब्यातलं खाऊ घातलं. मी यार्डातून पोचेपर्यंत आई डोळे उघडून म्हणत होती, "दूध उतू गेलं का वं?" या माणसांचे आभार कुठल्या पत्त्यावर पाठवायचे ते मला कळत नाही, म्हणून तुला लिहून ठेवते.

तुला कळवायचं नाही असा आईचा हुकूम होता. का, ते जुलैत बोलली: "त्याची नौकरी गेली, वरून माहा घोर काऊन देतं त्याले?" तेव्हाच कळलं की तिला सगळं माहीत होतं.

मी राजीनामा दिला आणि वीज नियामक आयोगाकडे तक्रार केली. चंद्रपूरच्या आशाबाई वकील माझ्याकडून लढताहेत. आईचं ऐकून त्या एकदम उठून बसल्या. म्हणाल्या, "हे तक्रारीत पहिलं घालू. कंपनीने वीज दाबली, तुमच्या आईचा जीव जाता जाता वाचला. आयोगाला हे विसरता येणार नाही."

मी नको म्हटलं.

"अहो, खरं तर आहे ना?"

"आई पडली हे खरं आहे. वीज गेली होती हेही खरं आहे. पण सावलीची वीज आमच्याच प्लांटमुळे गेली हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तारेतली वीज कुठून आली आणि कुठली कमी पडली, ते असं दाखवता येत नाही."

त्या चिडल्या. आशाबाई चिडल्या की चष्मा काढून टेबलावर आपटतात. "बाई, समोरचे खोटं बोलताहेत आणि तुम्ही खऱ्यातलंही निम्मं सोडता."

मला फार मोह झाला, दादा. आई तशी पडलेली पाहिल्यावर वासेकरांचं काय वाटेल ते व्हावं असं वाटत होतं. पण न पाहिलेलं लीक आहे म्हणायला मी नकार दिला, त्यातून तर हे सगळं सुरू झालं. आता माझ्या सोयीचं आहे म्हणून न पाहिलेलं कसं सांगू? रात्री आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माहं नाव नोको टाकू बाप्पा कागदावर. लोक म्हनतील, भागीरथा पडली म्हून पोरीनं केस केली." विषय संपला.

तक्रारीत तुझंही नाव नाही. 'मुंबईच्या सौदा कंपनीतील अधिकारी' एवढंच आहे. तुला साक्षीला बोलावणार नाही. तुला दुसरी नोकरी शोधायची आहे, आणि विजेच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. हे पत्र म्हणजे आडून मागणं आहे असं समजू नकोस. मी मागत नाही.

आई म्हणते लिही, सांडगे करून ठेवले आहेत.

दीपाली


भामरागड तालुका
११ डिसेंबर २०२४

दादा,

मी दिव्यानीला घेऊन अश्वजितकडे राहायला आले. हेमलकशाच्या अलीकडचं गाव. शाळेच्या टाकीवर चढलं तर फोन लागतो. शेजारच्या सोनीबाई माडियात बोलतात, मी मराठीत, दिव्यानी दोघींच्या मध्ये दोन्ही बोलते. शाळेच्या सौरपंपाची दुरुस्ती माझ्याकडे आली आहे.

परवाच्या ऑनलाइन सुनावणीत तू समोर होतास, तरी लिहिते. कारण तुला मी दिसत नव्हते.

आशाबाईंच्या ऑफिसातला कॅमेरा एवढासा. त्यात फक्त त्या दिसत होत्या. मी बाजूला स्टुलावर, अश्वजित दाराशी. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं होतं की एक नंबर खरोखर बिघडलं होतं, आणि मला कोळसा यार्डात पाठवलं त्याचा राग मी काढते आहे. तेवढ्यात आयोगाचे अध्यक्ष म्हणाले, सौदा कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याने स्वतःहून निवेदन दिलं आहे, ते हजर आहेत. आशाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मला माहीत नव्हतं. मग पडद्यावर तू आलास. केस पांढरे झालेत तुझे.

तू त्या दुपारचा फोन सांगितलास. त्यानंतर तुला बोली वर नेण्याचा दुसऱ्यांदा हुकूम आला, तू नाही म्हणालास आणि तुला काढलं, हे सांगितलंस. आवाज चढवला नाहीस. मग तो वकील उठला.

"प्रफुल्ल मोहुर्ले. तक्रारदार दीपाली मोहुर्ले. आडनाव सारखं आहे. नातं काय?"

"सख्खी बहीण."

तो हसला. "म्हणजे एका टोकाला बहीण, दुसऱ्या टोकाला भाऊ. घरातच ठरवलेलं आहे हे."

"आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं."

"कशावरून?"

"ती म्हणाली, लीक नाही. एवढंच त्या चार वर्षांतलं बोलणं."

अध्यक्षांनी स्वतः विचारलं, "बोलणं नसण्याचं कारण? सांगायचं नसेल तर राहू द्या."

दादा, तू तेव्हा पाणी प्यायलास. मला वाटलं, घरगुती कारण म्हणून सोडून देशील. मी तेच केलं असतं. तू म्हणालास, "तिने जातीबाहेर लग्न केलं. मी गेलो नाही. तिची काही चूक नव्हती, माझी होती."

माझ्यामागे दार वाजलं. अश्वजित बाहेर गेला होता.

वकील सोडेना. "त्यानंतर बहिणीने काही संपर्क केला?"

"पत्रं लिहिली. तीन."

"उत्तर दिलंत?"

"नाही."

"पत्रांत काय मागितलं होतं?"

"काही नाही. आभार मानले होते."

"आणि जिच्याशी बोलणं सोडलं त्या बहिणीच्या एका शब्दावर तुम्ही कंपनीचं नुकसान केलंत?"

"बहिणीच्या नाही. ती यंत्रासमोर बसली होती, मी मुंबईत. ज्याने यंत्र पाहिलं त्याचं मानायचं. तिथे दुसरं कुणी असतं तरी हेच विचारलं असतं."

आशाबाई त्यानंतर चष्मा हातात धरून बसल्या होत्या.

बाहेर अश्वजित रसवंतीच्या बाकावर बसला होता. मी शेजारी बसले. त्याने माझ्यासाठी रस मागवला आणि तो आला तरी माझ्या हातात द्यायचं विसरला. मग म्हणाला, "एवढ्या मोठ्या लोकांसमोर बोलला तो. मले घरात एकट्याले बोलला असता तरी चाललं असतं."

शेवटच्या उत्तरासाठी तुझे सर्वांत जास्त आभार. माझ्यावर माया म्हणून तू मानलं असतंस तर मला बरं वाटलं असतं, पण मग उद्या त्या खुर्चीवर बसलेल्या पियुषचा शब्द कुणी मानला नसता.

बाकीच्याबद्दल एवढंच लिहिते. येताना बसमध्ये अश्वजित खिडकीकडे तोंड करून बसला आणि आष्टी येईपर्यंत माझा हात धरून होता.

दीपाली


भामरागड तालुका
२० एप्रिल २०२५

दादा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही.

आयोगाचा निकाल तू वाचलाच असशील. कंपनीला दंड झाला, करारातली वीज भरून द्यायला सांगितली. वासेकर साहेब गेले. नव्या प्रमुखांनी मला परत बोलावलं, त्याच शिफ्टवर. जूनपासून जाते. जाण्याआधी एक मागणी केली आणि त्यांनी मानली. युनिटची स्थिती कळवण्याआधी मुंबईहून किंवा वरच्या मजल्यावरून शिफ्टवाल्याला कुणी फोन करायचा नाही. पियुष म्हणतो, पोरांनी तो हुकूम कंट्रोल रूमच्या दारावर चिकटवला आहे.

तुझं काम अजून कुठे ठरलं नाही, हे आईने सांगितलं. दोन ठिकाणी बोलावून मग नाही म्हटलं म्हणे. माझं मला परत मिळालं आणि तुझं नाही, हे मला गोड लागत नाही. त्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

आज सकाळी अश्वजित टाकीच्या शिडीवर बसून परीक्षेचे पेपर तपासत होता. रविवारी तिथेच बसतो, रेंज असते म्हणून. मी खाली पंपाची तार जोडत होते. त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. टाकीखाली आवाज घुमतो, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"जवाईबापू, मी प्रफुल्ल बोलून राह्यलो."

अश्वजितच्या हातातला पेपर खाली पडला. वाऱ्याने तो शेणखताच्या खड्ड्याकडे निघाला तरी त्याने पाहिलं नाही.

"बोला," तो म्हणाला.

"आलापल्लीले उतरलो. इथून पुढची गाडी कवा लागते?"

"गाडीचं काही खरं नाई. तुमी तिथीच थांबा, सावलीत. मी येतो घ्याले."

"उन्हात कायले येता?"

"तुमी थांबा ना बाप्पा. मी निघालोच."

तू फोन ठेवल्यावरही तो कानाला लावून बसला होता. मग उतरला, खड्ड्यातून कुणा पोराचा भूगोलाचा पेपर काढला, शर्टाला पुसला, माझ्या हातात दिला. गाडीची चावी शोधायला घरात गेला आणि चावी त्याच्या खिशातच होती. सोनीबाई अंगणात मोहाची फुलं वाळवत होत्या. त्यांनी विचारलं, मास्तर, एवढी घाई कशाची? तर तो गाडीला किक मारत मोठ्याने म्हणाला, "माहा साळा आला. आलापल्लीले."

लग्नाला पाच वर्षं होत आली. हा शब्द उच्चारायची संधी त्याला आजवर मिळाली नव्हती.

आता तुम्ही दोघं रस्त्यात असाल. इकडे भात टाकला आहे. सोनीबाईंनी वालाच्या शेंगा आणून दिल्या आणि चुलीपाशी बसून माझ्यासोबत सोलू लागल्या. दिव्यानीने विचारलं, कोण येत आहे? म्हटलं, मामा. ती विचार करून म्हणाली, "कोनता?" मी म्हटलं, एकच आहे. तेव्हापासून ती रस्त्यावरच्या पळसाखाली जाऊन उभी आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला "तू मामा आहेस का?" विचारते. आतापर्यंत वनरक्षक नाही म्हणाला, आणि सायकलवाला बर्फगोळेवाला हो म्हणाला, म्हणून तिला गोळा मिळाला.

अश्वजितच्या गाडीचा आवाज येतो आहे. हात-पाय धू, बाज अंगणात टाकली आहे. हे पत्र तुझ्या ताटाशेजारी ठेवते. आधी जेव, मग वाच.

दीपाली